नेट लागतं, पण टिकत नाही: डायल-अप जोडणी वारंवार तुटत असेल तर

ही टिपणं २००५ च्या सुमाराची आहेत; तेव्हा घरात नेट डायल-अपनं, म्हणजे फोनच्या लाइनला मोडेम नावाचं उपकरण जोडून आणि नंबर फिरवून लागायचं. तेव्हाची तक्रार ठरलेली असते. मोडेम नंबर फिरवतो, शिट्ट्या वाजतात, पडद्याच्या कोपऱ्यात दोन छोटे संगणक उजळतात, पहिलं पान अर्धंमुर्धं उघडतं आणि जोडणी तुटते. पुन्हा डायल करा, पुन्हा तेच. कधी एरर ६७८, कधी ६१९, कधी नुसतंच 'डिस्कनेक्टेड'. खानदेशात चोपडा-यावलपासून शहादा-तळोद्यापर्यंत ज्या घरांत, दुकानांत, शाळांत मोडेम बघायला जातो, तिथे हेच ऐकू येतं: "नेट लागस, पन टिकत नही." पहिला पाऊस पडला की अशा तक्रारी जास्तच येतात.

बहुतेक जण यावर विंडोज पुन्हा टाकतात. त्यानं दिवस जातो आणि जोडणी होती तशीच राहते. कारण दोष बहुतेक वेळा संगणकात नसतो. तो फोनच्या डीपीपासून (जिथून घरोघरीच्या लाइन फुटतात त्या पेटीपासून) मोडेमपर्यंत येणाऱ्या तारेत असतो, आणि त्या तारेला न झेपणारा वेग मोडेम मागत राहतो. म्हणून आधी कान, मग तार, मग वेग, आणि सगळ्यात शेवटी विंडोजच्या सेटिंग्ज, या क्रमानं जा. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं. पण ते खेड्यातल्या घरापर्यंत लगेच आलं नव्हतं, आणि तेही याच तारेवरून येणारं होतं. त्यामुळे तारेवर घेतलेली मेहनत वाया जाणारी नव्हती.

प्रत्येक तुटण्याला तेव्हा पैसे पडायचे हेही लक्षात घ्या. पुन्हा डायल केलं की नवा कॉल मोजला जायचा. पुढचं सगळं ज्यांचा निकाल, प्रवेश अर्ज किंवा बाजारभाव या जोडणीवर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी लिहिलं आहे.

आधी एक वही

मोडेमशेजारी एक वही ठेवा. जोडणी तुटली की वेळ लिहा, एरर नंबर लिहा, लागताना दाखवलेला वेग लिहा, आणि त्या वेळी काय चाललं होतं तेही लिहा: पाऊस, लाइट आली, लाइट गेली, कोणी आतल्या खोलीतला फोन उचलला, बाहेरून फोन आला. आठवडाभरात नमुना दिसायला लागतो. तुटण्याच्या वेळा अनियमित असतील तर दोष तारेत शोधा. दर वेळी जवळपास तेवढ्याच मिनिटांनी तुटत असेल, तर कुठेतरी टायमर लागलेला आहे. लाइट आल्यावरच तुटत असेल तर त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल.

कानानं ऐका

मोडेमचा आवाज बंद ठेवू नका. कंट्रोल पॅनलमधल्या 'फोन अँड मोडेम ऑप्शन्स'मध्ये मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये स्पीकरचा आवाज असतो, तो पूर्ण वाढवा. जोडणी लागण्याचे टप्पे कानाला स्पष्ट कळतात. पहिला डायल टोन. मग नंबर फिरल्याचे सूर. मग पलीकडे रिंग. मग पलीकडचा मोडेम उचलतो आणि २१०० हर्ट्झची लांब शिट्टी देतो. त्यानंतर दोन्ही मोडेम खरखरत, फुसफुसत एकमेकांना अजमावतात आणि वेग ठरवतात. मग स्पीकर गप्प होतो, पडद्यावर युजरनेम-पासवर्ड तपासल्याचं दिसतं, आणि शेवटी तुमच्या संगणकाला आयपी पत्ता मिळतो.

गाडी कोणत्या टप्प्यावर अडते ते सांगता आलं, तर अर्धं काम झालं. डायल टोनच नसेल तर एरर ६८० येतो. पलीकडे लाइन व्यस्त असेल तर ६७६. संध्याकाळी हा हमखास येतो आणि त्यावर थोड्या वेळानं पुन्हा डायल करणं एवढाच इलाज. रिंग जाते पण उचलत नाही, किंवा खरखर लांबत जाते आणि शेवटी तुटते, तेव्हा ६७८. स्पीकर गप्प झाल्यावर, पासवर्ड तपासताना तुटलं तर ६१९, ६९१ किंवा ७१८. आणि सगळं लागून नंतर तुटत असेल तर कोड बहुतेक वेळा येतच नाही. ती आपली मुख्य तक्रार.

डायल टोन असूनही ६८० येतो तेव्हा

रिसीव्हर उचलून डायल टोन ऐकू येतो, तरी मोडेम 'नो डायल टोन' म्हणतो. भारतातला डायल टोन ४०० हर्ट्झचा आणि थोडा थरथरणारा असतो. अमेरिकेतला ३५० आणि ४४० हर्ट्झचे दोन सूर मिळून होतो. विंडोज टाकताना देश बदलायचा राहिला असेल, तर मोडेम अमेरिकेच्या सुराची वाट पाहत बसतो. 'डायलिंग रूल्स'मध्ये जाऊन देश इंडिया करा. एरिया कोड शून्य सोडून लिहा: जळगावला २५७, धुळ्याला २५६२, नंदुरबारला २५६४. तरीही नाही जमलं तर मोडेमच्या प्रॉपर्टीजमधली 'वेट फॉर डायल टोन बिफोर डायलिंग' ही खूण काढा. मोडेमला हीच गोष्ट आज्ञेनं सांगायची असेल तर एक्स ३ ही आज्ञा आहे: डायल टोनची वाट न पाहता नंबर फिरव, पण एंगेज टोन मात्र ओळख.

जोडणीच्या खिडकीत 'यूज डायलिंग रूल्स'ची खूण ठेवू नका. ती ठेवली आणि एरिया कोड चुकला, तर विंडोज नंबरच्या आधी स्वतःहून एसटीडी कोड लावतं आणि रिंग भलतीकडेच जाते. सेवादात्यानं (नेट पुरवणाऱ्या कंपनीनं) दिलेला नंबर जसाच्या तसा, पुढे-मागे काही न लावता लिहा. कॉलेजात किंवा कारखान्यात बाहेरच्या लाइनसाठी शून्य दाबावा लागत असेल तर मात्र आधी शून्य, मग स्वल्पविराम, मग नंबर. त्या स्वल्पविरामाला मोडेम साधारण २ सेकंद थांबतो, तेवढ्यात बाहेरची लाइन मिळते.

तार

आता मुख्य गोष्ट. मोडेम काढून ठेवा आणि त्याच जागी साधा, वायरचा फोन लावा; कॉर्डलेस नको. रिसीव्हर उचला, कोणताही एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि शांततेत नीट ऐका. चांगली लाइन जवळजवळ निःशब्द असते. अधूनमधून कडकड, खरखर येत असेल तर कुठेतरी सैल किंवा ओला जॉइंट आहे. सलग घूं असा आवाज येत असेल तर जोडीतली एक तार कुठेतरी जमिनीला लागते आहे किंवा विजेच्या तारेला चिकटून चालली आहे. दूरवर कोणाचं तरी बोलणं ऐकू येत असेल तर शेजारच्या जोडीशी गळती आहे.

यावर घरोघरी एकच प्रश्न येतो. एका शेतावरच्या घरी आबांनी मला तोच विचारला होता: "अरे भाऊ, फोनवर तर पोराशी चांगलं बोलणं होतं पुण्याला. मग लाइन खराब कशी?" मी म्हटलं, "आबा, तुम्ही बोलताना मध्ये एक कडकड झाली तर तुम्हाला वाक्य कळतंच. मोडेमला तसं जुळवून घेता येत नाही." २८,८०० बिट्स प्रतिसेकंद वेगानं चाललेल्या जोडणीत एक दशांश सेकंदाची कडकड म्हणजे २,८८० बिट्स गेले. मोडेम ते पुन्हा मागवतो. कडकड पुन्हा झाली की दोन्ही मोडेम थांबून वेग नव्यानं ठरवतात. असं लागोपाठ झालं की पलीकडचा सूरच हरवतो आणि जोडणी सुटते. त्यातून मोडेम फोनच्या ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्याचा जवळपास इंच न इंच वापरतो. त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला लाइन मंद पडली तर माणसाच्या कानाला फार फरक पडत नाही, मोडेमला पडतो.

आवाज येत असेल तर एकेक गोष्ट काढत जा. घरातले पॅरलल फोन (त्याच लाइनवरचे जादा फोन) सगळे काढा, नुसते ठेवून नाही, सॉकेटमधून उपसून. जुन्या पॅरलल फोनची घंटीसुद्धा लाइनवर भार टाकते. मग मोडेम थेट भिंतीवरच्या रोझेटला (बाहेरची तार जिथे येते त्या फोनच्या डबीला), कमीत कमी लांबीच्या वायरनं लावा. बाजारात मिळणारी लांबलचक चपटी वायर घालून मोडेम आतल्या खोलीत नेलेला असतो. त्या वायरीतल्या तारांना पीळ नसतो, त्यामुळे ती ट्यूबलाइटपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांचा आवाज गोळा करते. संगणक रोझेटजवळ आणणं जमत नसेल तर पीळ घातलेली फोनची वायर ओढा, आणि ती विजेच्या पट्टीतून नेऊ नका. रोझेट उघडून बघा. आत धूळ, मुंग्या, हिरवट चढलेलं तांबं दिसेल. तारेचं टोक कापून नवं, चकचकीत टोक स्क्रूखाली आवळा. मल्टिमीटर असेल तर फोन ठेवलेल्या स्थितीत ४८ ते ५० व्होल्टच्या आसपास डीसी दाखवायला हवा. पावसात तो आकडा बराच खाली उतरत असेल तर गळती नक्की. रिंग येताना मात्र याच तारेवर चांगला झटका बसेल एवढा एसी दाब येतो. म्हणून उघड्या तारेला हात लावून बसू नका.

रोझेटवरही खरखर असेल तर दोष घराबाहेर आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. खांबावरून घरात येणारी ड्रॉप वायर वर्षानुवर्षं त्या उन्हात तापते, तिचं आवरण कडक होऊन तडकतं. उन्हाळाभर ते कोणाच्या लक्षात येत नाही. मृगाचा पाऊस पडतो, तडकलेल्या जागी पाणी शिरतं आणि नेट तुटायला लागतं. मग पाऊस उघडला, ऊन पडलं की चार दिवस ठीक चालतं. हा लपंडाव दिसला की समजा, ड्रॉप वायर बदलायला झाली आहे. मधे कुठे नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला जॉइंट असेल तर आधी तिथेच बघा.

लाइनमन आले की "नेट चालत नाही" असं सांगू नका. त्यांच्याकडे नेटसाठी काही साधन नसतं, आणि फोन लागतो आहे हे पाहून ते बरोबरच परत जातात. १९८ ला (तेव्हाचा फोनच्या तक्रारींचा नंबर) तक्रार नोंदवताना आणि समोरासमोरही एवढंच सांगा: "दादा, लाइनवर खरखर आहे. घरातले सगळे फोन काढून रोझेटवर ऐकलं तरी आहे." त्यांच्या हातात रिसीव्हर द्या, एक आकडा दाबा आणि ऐकवा. ऐकलं की मार्ग सापडतो: जॉइंट नव्यानं करणं, ड्रॉप वायर बदलणं, किंवा फोनच्या डीपीत दुसरी चांगली जोडी मोकळी असेल तर त्यावर तुमची लाइन टाकणं. आणखी एक गोष्ट विचारून घ्या: तुमची लाइन स्वतंत्र जोडीवर आहे, की एकाच जोडीवर दोन फोन चालवणाऱ्या उपकरणावर? तसं उपकरण मधे असेल तर कितीही सेटिंग्ज बदला, वेग २८.८ च्या (म्हणजे २८,८०० बिट्स प्रतिसेकंदाच्या) वर सहसा चढणार नाही. आणि घरात बिनतारी डब्ल्यूएलएल फोन असेल तर त्याच्या सॉकेटला साधा मोडेम लावून उपयोग नाही. तो आवाज दाबून पाठवतो आणि मोडेमचे सूर त्यात मोडतात. अशा फोनला डेटासाठी वेगळं पोर्ट असेल तर त्याचीच केबल वापरावी लागते.

लाइट आली की तुटतं

शेतावरच्या घरांना हा त्रास जास्त. लोडशेडिंगनंतर लाइट येते आणि शिवारातल्या विहिरींवरच्या मोटारी ऑटो स्टार्टरमुळे एकदम सुरू होतात. दाब खाली जातो, स्टार्टरच्या ठिणग्या पडतात, आणि फोनची तार विजेच्या खांबांना समांतर गेलेली असेल तर तो सगळा कडकडाट तिच्यावर उमटतो. तुमच्या वहीत तुटण्याच्या वेळा लाइट येण्याच्या वेळांशी जुळत असतील तर दोन गोष्टी करा. बाहेरचा मोडेम असेल तर त्याचा अडॅप्टर संगणकाच्याच यूपीएसवर लावा. कित्येक ठिकाणी संगणक यूपीएसवर आणि मोडेम थेट भिंतीत असतो. दाब क्षणभर पडला की मोडेम बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि लोक लाइनला दोष देतात. आणि मोठी फाइल उतरवायची असेल तर लाइट आल्यानंतरचा पहिला अर्धा तास सोडून द्या. मोटारी एकदा फिरायला लागल्या की आवाज बराच निवळतो.

वेग उतरवा

तार शक्य तेवढी नीट केली, तरी खेड्यातली लाइन खेड्यातलीच राहते. इथे लोकांना पटवणं सगळ्यात कठीण जातं. खोक्यावर ५६ लिहिलेलं असतं, आणि ४५-४८ दिसलं नाही की वाटतं, पैसे वाया गेले. पण ५६ चा वेग तुमच्या एक्स्चेंजपासून सेवादात्यापर्यंतचा सगळा मार्ग डिजिटल असेल आणि वाटेत ॲनालॉगचं रूपांतर एकदाच होत असेल तरच मिळतो. १९९८ मध्ये ठरलेल्या व्ही.९० पद्धतीचा सगळा हिशेब त्यावर बांधलेला आहे, आणि तोही फक्त उतरवण्याच्या दिशेनं; पाठवताना ३३.६ हीच कमाल. मार्गात दुसरं रूपांतर आलं की मोडेमला व्ही.३४ या जुन्या पद्धतीवर यावं लागतं, म्हणजे जास्तीत जास्त ३३.६. लाइन काठावरची असेल तर मोडेम आधी ४४ वर चढतो, चुका वाढल्या की घसरतो, पुन्हा चढायला बघतो आणि या झटापटीत तुटतो.

रावेरहून केळीचा ट्रक खड्ड्यांच्या रस्त्यानं दामटला तर माल पोचतो, पण काळा पडून. तिथे हळू हाकणाराच नफ्यात राहतो. मोडेमलाही सुरुवातीलाच सांगून टाका की व्ही.३४ च्या वर जायचं नाही. लाइन फारच खराब असेल तर २८.८ किंवा २६.४ वर बांधा. ४४ वर लागून तीन मिनिटांत तुटणाऱ्या जोडणीपेक्षा २६.४ वर तासभर टिकणारी जोडणी कितीतरी जास्त मजकूर आणते, आणि कॉलही एकच पडतो.

हे कसं करायचं? विंडोज एक्सपीमध्ये 'फोन अँड मोडेम ऑप्शन्स', मग 'मोडेम्स', तुमच्या मोडेमची 'प्रॉपर्टीज', आणि 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'एक्स्ट्रा इनिशियलायझेशन कमांड्स'ची रिकामी चौकट. विंडोज ९८ मध्ये कंट्रोल पॅनल, 'मोडेम्स', 'प्रॉपर्टीज', 'कनेक्शन', 'ॲडव्हान्स्ड' आणि तिथे 'एक्स्ट्रा सेटिंग्ज'. त्या चौकटीत रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता आज्ञा लिहायची. कोणती, ते मोडेमच्या चिपवर ठरतं. खोक्यावरच्या कंपनीच्या नावाला इथे अर्थ नाही. 'डायग्नॉस्टिक्स'मध्ये 'क्वेरी मोडेम' दाबलं की उत्तरात चिपचं नाव सापडतं. कोनेक्झंट असेल तर अधिकचं चिन्ह, एम, एस, बरोबरचं चिन्ह, व्ही, ३४ अशी आज्ञा चालते. जुन्या रॉकवेलला व्ही ३४ च्या जागी ११ हा आकडा लागतो. ल्युसंट किंवा अगेरे असेल तर एस ३८ बरोबर शून्य लिहा, म्हणजे ५६ ची पद्धत बंद होते. इतर चिपसाठी मोडेमबरोबर आलेल्या सीडीतली आज्ञांची यादी बघा. वेगाची मर्यादा ठरवणारी आज्ञा त्यात असतेच. आज्ञा चुकली तर मोडेम 'एरर' म्हणतो आणि डायलच करत नाही. घाबरू नका, चौकट रिकामी केली की पूर्ववत होतं.

त्याच चौकटीत एस १० चा आकडाही वाढवा. पलीकडचा सूर हरवल्यावर किती वेळ थांबून मग फोन ठेवायचा, ते हा आकडा सांगतो, आणि तो दशांश सेकंदांत मोजतात. मूळचा बहुधा १४ असतो, म्हणजे १.४ सेकंद. तो ५० केला की मोडेम ५ सेकंद धीर धरतो, आणि कडकडीतून सावरून पुन्हा सूर पकडतो. कॉल वेटिंगची टुकटुक आल्यावर जोडणी तुटत असेल तर यानं बरंच थांबतं. तरी नेट लावण्याआधी कॉल वेटिंग बंद करून ठेवणंच चांगलं. त्याचा कोड तुमच्या एक्स्चेंजला विचारा. आणि खरखरीचा टप्पा लांबून ६७८ येत असेल, तर 'कॅन्सल द कॉल इफ नॉट कनेक्टेड विदिन' समोरचे ६० सेकंद वाढवून ९० करा. खराब लाइनवर मोडेमना एकमेकांना ओळखायला वेळ लागतो.

वेग मोजताना एक गफलत टाळा. जोडणी लागल्यावर १,१५,२०० असा आकडा दिसला तर तो संगणक आणि मोडेम यांच्यातला वेग आहे, लाइनचा नाही. आज्ञांच्या त्या चौकटीत डब्ल्यू २ लिहिलं की बऱ्याच मोडेमवर लाइनचा खरा वेग दिसतो. 'डायग्नॉस्टिक्स'मध्ये 'व्ह्यू लॉग' उघडा, तिथेही तो आकडा आणि 'नो कॅरिअर' कधी आलं ते लिहिलेलं असतं. मोडेम घ्यायचाच असेल आणि लाइन कमजोर असेल, तर आतल्या स्वस्त कार्डापेक्षा सिरियल पोर्टचा बाहेरचा मोडेम घ्या. आतली बरीच कार्डं अर्धं काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलतात, आणि जुना संगणक दुसऱ्या कामात अडकला की जोडणी सुटते.

ठरावीक वेळानं तुटणं

दर वेळी बरोबर २० किंवा ३० मिनिटांनी तुटत असेल तर तारेला हात लावू नका. तीन ठिकाणी टायमर असू शकतो: जोडणीच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'आयडल टाइम बिफोर हँगिंग अप', मोडेमच्या 'डीफॉल्ट प्रेफरन्सेस'मध्ये 'डिस्कनेक्ट अ कॉल इफ आयडल', आणि इंटरनेट एक्स्प्लोररच्या डायल-अप सेटिंग्जमध्ये. तिन्हीकडे बघा. तिन्ही बंद असूनही तुटत असेल तर मर्यादा सेवादात्याच्या बाजूची आहे.

नेट लागल्यावर काही मिनिटांत पडद्यावर ६० सेकंदांची उलटी मोजणी येऊन संगणकच बंद होत असेल, तर तो व्हायरस आहे. २००३ च्या ऑगस्टमधला ब्लास्टर आणि २००४ चा सॅसर दोघेही असंच करायचे, आणि डायल-अपवरही बिनदिक्कत यायचे. डायल करण्याआधी जोडणीच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये फायरवॉल चालू करा. एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ टाकला की तो आपोआप चालू राहतो, पण तो पॅक २६६ एमबीचा आहे, २८.८ च्या वेगानं २० तासांहून जास्त लागतील. जळगाव-धुळ्यात कोणाकडून तरी सीडीवर आणा.

डायल करताना खिडकीतला नंबर रोज वाचायची सवयही लावा. काही प्रोग्राम तुमच्या नकळत तिथे परदेशातला नंबर घालून ठेवतात, आणि ते बिल आल्यावरच कळतं. फोनला आयएसडी लॉक लावून ठेवा.

पासवर्ड आणि पुढचं

६९१ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड नाकारला. कॅप्स लॉक बघा, खात्यावरचे तास संपलेत का बघा, त्याच खात्यावर दुसरीकडे कोणी बसलं आहे का बघा. ६१९ पासवर्डच्या टप्प्यावर वारंवार येत असेल तर 'सिक्युरिटी'मध्ये 'अलाऊ अनसिक्युअर्ड पासवर्ड' ठेवा आणि 'ऑप्शन्स'मधली 'इन्क्लूड विंडोज लॉगऑन डोमेन'ची खूण काढा. ७२० आला तर विंडोज ९८ मध्ये टीसीपी-आयपी (नेटवर बोलण्याचे नियम सांभाळणारा विंडोजचा भाग) काढून पुन्हा टाका; एक्सपीमध्ये तो काढता येत नाही, रीसेट करावा लागतो. ६३३ म्हणजे मोडेम दुसऱ्या कशात तरी अडकला आहे, बहुधा फॅक्सच्या प्रोग्राममध्ये. तो बंद करा. जोडणी टिकते पण पानच उघडत नाही, तेव्हा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या संगणकाचा नंबर) आपोआप घ्यायला सांगा, आणि सायबर कॅफेतून आणलेल्या संगणकात जुनी प्रॉक्सी (नेटकडे नेणाऱ्या मधल्या संगणकाचा पत्ता) राहिली असेल तर ती पुसा.

वीज

मे-जूनमध्ये वळवाचे ढग आले की मोडेमची फोनची वायर काढून ठेवा. नुसता विजेचा प्लग काढून भागत नाही. कडाडणारी वीज बहुतेक वेळा फोनच्याच तारेनं आत येते. वीज पडून गेल्यावर विंडोजला मोडेम दिसतो, 'क्वेरी मोडेम'ला उत्तरही मिळतं, त्याच सॉकेटला लावलेला फोन नीट चालतो, पण मोडेमला डायल टोन काही केल्या सापडत नाही, असं झालं तर त्याची लाइनकडची बाजू जळली आहे. अशा मोडेमवर सेटिंग्ज बदलत बसू नका. ओळखीच्या कोणाचा चालू मोडेम आणून त्याच सॉकेटला लावून खात्री करा, आणि नवा मोडेम घेताना त्याबरोबर फोनच्या लाइनसाठीचा सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं उपकरण) घ्या. तो अर्थिंगशिवाय काम करत नाही, म्हणून आधी घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.